नेतृत्व प्रशिक्षणातील कार्यशाळा व सांघिक कृतींचा दिवस, सोलापूर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातील सहभागींसाठी घेतल्या जाणाऱ्या आमच्या नेतृत्व प्रशिक्षण कार्यक्रमात एक पूर्ण दिवस कार्यशाळा व सांघिक कृतींसाठी राखून ठेवलेला असतो. निवड झालेले सहभागी, त्यांना पाठवणारे कारखानदार व संस्थाचालक आणि काही वेळा सहभागींच्या घरची मंडळी या दिवसाविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण त्या प्रश्नांना एका ओळीत उत्तर देणे म्हणजे प्रश्न टाळण्यासारखेच झाले असते.

हा दिवस नेमका कोणासाठी आहे?

ज्यांना आपले काम इतरांच्या हातून करून घ्यावे लागते, अशा सर्वांसाठी. यंत्रमाग कारखान्यातील मुकादम, गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात शिलाईची एक ओळ सांभाळणाऱ्या महिला, बचत गटांच्या अध्यक्ष व सचिव, मुख्याध्यापक, दूध संस्थांचे सचिव, ग्रामपंचायतीत नव्याने निवडून आलेले सदस्य आणि महाविद्यालयीन विद्यार्थी प्रतिनिधी असे सर्व जण एकाच तुकडीत असतात. ही सरमिसळ आम्ही जाणीवपूर्वक करतो. मुकादमाच्या हातात माणसाला कामावरून कमी करण्याचा अधिकार असतो. बचत गटाच्या अध्यक्षांना असा कोणताही अधिकार नसतो, तरीही त्या शेजारणीकडून कर्जाचा थकलेला हप्ता वसूल करतात आणि दुसऱ्या दिवशी तिच्याच घरी हळदीकुंकवाला जातात. ते त्यांना कसे जमते, हे मुकादमांनी त्यांच्याच तोंडून ऐकावे, असे आम्हाला वाटते.

दिवसाची आखणी कशी असते?

सकाळी साडेआठला नोंदणी आणि चहा, नऊ वाजता प्रारंभ. दुपारपर्यंत ओळखीचे उपक्रम, क्रमवारीची कृती आणि मनोरा बांधणी होते. जेवणानंतर लगेच दोरीची कृती असते, कारण भाकरी-भाजी खाऊन झाल्यावर सोलापूरच्या दुपारी खुर्चीत बसून व्याख्यान ऐकण्याची अपेक्षा कोणाकडूनही ठेवणे योग्य नाही. त्यानंतर अवघड संभाषणांचा सराव आणि शेवटी प्रत्येकाने आपल्या कामाच्या ठिकाणी काय बदलायचे, याचे लेखन होते. साडेपाच वाजता दिवस संपतो.

वय झालेल्या, जबाबदार माणसांनी हे खेळ कशासाठी खेळायचे?

हा प्रश्न बहुधा पन्नाशीच्या पुढचे सहभागी विचारतात आणि तो रास्त आहे. नेतृत्वाविषयीची व्याख्याने आपण सर्वांनी भरपूर ऐकलेली असतात. ‘सर्वांना बरोबर घेऊन चालावे’ हे वाक्य माहीत नसलेला एकही मुकादम आम्हाला भेटलेला नाही. अडचण अशी असते की, घाईच्या वेळी आपण प्रत्यक्षात कसे वागतो, हे आपल्याला स्वतःला दिसत नाही. कृतीचा उपयोग तेवढ्यासाठी आहे. मनोरा बांधतानाच्या अठरा मिनिटांच्या घाईत माणूस सहसा तसाच वागतो, जसा तो दिवाळीच्या तोंडावर मागणी पुरी करताना कारखान्यात वागतो. फरक इतकाच की, येथे नुकसान काड्या आणि सुतळीचे होते.

डेव्हिड कोल्ब या अमेरिकी अभ्यासकाने १९८४ मध्ये अनुभवातून शिकण्याच्या चक्राची मांडणी केली. आधी अनुभव, मग त्याकडे मागे वळून पाहणे, त्यातून काही सूत्र हाती लागणे आणि ते सूत्र पुढच्या प्रसंगी वापरून पाहणे, असे त्याचे चार टप्पे आहेत. पुष्कळ शिबिरांत पहिला टप्पा धूमधडाक्यात पार पडतो, छायाचित्रे निघतात आणि उरलेले तीन टप्पे वेळेअभावी गुंडाळले जातात. आमच्याकडे कृतीला जितका वेळ दिला जातो, किमान तितकाच वेळ नंतरच्या चर्चेला दिला जातो, आणि उशीर झालाच तर कृती आटोपती घेतली जाते; चर्चेला कात्री लावली जात नाही.

कृतींमध्ये प्रत्यक्ष काय करावे लागते?

सकाळच्या दोन कृतींविषयी येथे सविस्तर लिहितो, म्हणजे अंदाज येईल.

पहिली क्रमवारीची. चंद्रावर उतरणारे आपले यान ठरलेल्या जागेपासून सुमारे ३२० किलोमीटर दूर कोसळले आहे, मुख्य यानापर्यंत पायी जायचे आहे आणि १५ वस्तू शाबूत राहिल्या आहेत, अशी कल्पना करायची. या वस्तूंना महत्त्वाप्रमाणे क्रम द्यायचा. आधी प्रत्येकाने एकट्याने, कोणाशी न बोलता, आणि नंतर गटाने चर्चा करून. ही कृती जगभर अनेक दशके वापरली जात आहे आणि तिची ‘नासा’च्या तज्ज्ञांनी दिलेली उत्तरे उपलब्ध आहेत. ज्याचा क्रम त्या उत्तरांपासून जितका दूर, तितके त्याचे गुण वाईट.

गुणांची बेरीज होते तेव्हा खरी गंमत सुरू होते. गटाचे उत्तर बहुतेक वेळा गटातील सरासरी माणसाच्या उत्तरापेक्षा चांगले निघते, आणि तेथे टाळ्या पडतात. त्यानंतर प्रशिक्षक विचारतात : गटाच्या उत्तराहून ज्याचे एकट्याचे उत्तर चांगले होते, असा कोणी गटात आहे का? अनेकदा एखाद्या शिक्षिकेचा हात हळूच वर जातो. होकायंत्र वर ठेवू नका, चंद्राला पृथ्वीसारखे सर्वदूर चुंबकीय क्षेत्र नाही, असे त्या शिक्षिका एकदा म्हणालेल्या असतात. पण त्याच वेळी दुसऱ्या कोणीतरी ‘दिशा कळल्याशिवाय चालणार कसे?’ असा ठणठणीत सवाल टाकलेला असतो आणि गट त्या आवाजामागे गेलेला असतो. माहिती गटात होती, तरी ती निर्णयापर्यंत का पोहोचली नाही, हा त्या दिवसाचा पहिला प्रश्न असतो आणि संध्याकाळपर्यंत तोच वेगवेगळ्या रूपांत समोर येत राहतो.

दुसरी कृती मनोऱ्याची. पीटर स्किलमन यांनी ती तयार केली आणि टॉम वुजेक यांनी ती सर्वत्र पोहोचवली. मूळ कृतीत न शिजवलेल्या स्पॅगेटीच्या २० काड्या, थोडी चिकटपट्टी, थोडी दोरी आणि मार्शमॅलो नावाची एक मऊ गोड वडी देतात आणि १८ मिनिटांत वडी सर्वांत वर राहील असा उंचात उंच मनोरा उभारायला सांगतात. आम्ही खराट्याच्या काड्या, सुतळी आणि वडीच्या जागी लिंबू देतो. हातात घेतल्यावर लिंबू हलके वाटते. गट पहिली काही मिनिटे नेता कोण हे न बोलता ठरवण्यात घालवतो, मग आराखडा काढतो, मग काड्या जोडत जातो आणि शेवटच्या मिनिटाला कोणीतरी दोन बोटांत लिंबू धरून अलगद वर ठेवतो. मधली एक काडी वाकते, सुतळीची गाठ सरकते, आणि लिंबू टेबलावरून घरंगळत थेट शेजारच्या गटाकडे जाते. वुजेक यांचे निरीक्षण असे की, नुकतेच व्यवस्थापनाचे शिक्षण घेतलेल्या तरुणांपेक्षा बालवाडीतील मुलांचे मनोरे सरस ठरतात, कारण मुले सुरुवातीपासून वडी वर ठेवून पाहत जातात. आपल्या कामातले लिंबू कोणते आणि ते आपण किती उशिरा वर ठेवतो, यावर गणवेशाच्या कारखान्यातील सहभागी फार नेमके बोलतात : एक नग पूर्ण शिवून, धुऊन पाहण्याआधीच शेकडो नगांचे कापड कापून टाकलेले असते.

चंद्राच्या कृतीची उत्तरे आधीच मोबाइलवर पाहून आलो तर?

जरूर पाहून यावे. ऑक्सिजन पहिला, पाणी दुसरे आणि हवाच नसल्यामुळे काडेपेटी शेवटची, हे येथेच सांगून टाकतो. उत्तरे माहीत असलेल्या माणसाला उलट जास्त कठीण परीक्षा द्यावी लागते, कारण खात्रीने माहीत असलेली गोष्ट अनोळखी सहा जणांना पटवून देता येते का, हे त्याला लगेच समजते. शिवाय त्या दिवशी प्रशिक्षक वस्तूंची यादी बदलू शकतात.

डोळ्यांवर पट्टी बांधून दोरीचा चौकोन करायचा असतो, हे खरे का?

खरे आहे. गटातील सर्वांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या जातात, जमिनीवर एक लांब दोरी ठेवलेली असते, आणि सर्वांनी ती हातात धरून तिचा चौकोन करायचा असतो. दोघे निरीक्षक पट्टीविना बाजूला उभे राहून वहीत नोंदी करतात. कोण बोलले, किती वेळा बोलले, कोणाच्या बोलण्यावर गट हलला आणि कोणाचे बोलणे वाऱ्यावर गेले.

निरीक्षकांच्या वह्या त्या दिवसातील सर्वांत मोलाचा ऐवज आहेत. पट्टी बांधल्यावर एकाच वेळी चार जण सूचना देऊ लागतात, ‘इकडे या’ म्हणतात, आणि दिसत नसताना ‘इकडे’ म्हणजे कोठे, हे कोणालाही कळत नाही. वहीत मात्र अशी एखादी नोंद सापडते : तिसऱ्या मिनिटाला कोपऱ्यातील ताई म्हणाल्या, ‘आधी दोरी दुमडून चार सारखे भाग करू आणि चौघांनी कोपरे धरू.’ कोणी ऐकले नाही. अकराव्या मिनिटाला एक दादा तेच मोठ्या आवाजात म्हणाले आणि सर्वांनी ते केले. नोंद वाचून दाखवली जाते तेव्हा ते दादाच सर्वांत जास्त चकित होतात, कारण ती कल्पना आपलीच आहे, असे त्यांना मनापासून वाटलेले असते.

ज्यांना डोळ्यांवर पट्टी नको असेल त्यांनी निरीक्षक व्हावे. कारण विचारले जात नाही.

कार्यक्रमाची भाषा कोणती? आमच्या काही कामगारांना मराठी बोलायला अवघड जाते.

प्रशिक्षण मराठीतून होते. पण सोलापुरात एकाच कारखान्यात तेलुगू, कन्नड, मराठी आणि दखनी उर्दू या सर्व भाषा कानावर पडतात, आणि माणसाला भावना व्यक्त करताना घरची भाषाच जवळची वाटते. त्यामुळे गटातील चर्चा गटाला सोयीच्या भाषेत करण्यास पूर्ण मुभा आहे. एकच अट आहे : गटातील एखाद्या व्यक्तीला ती भाषा येत नसेल, तर दर थोड्या वेळाने थांबून तिला सांगत जायचे. हे काम कोण आपणहून अंगावर घेतो, याकडे प्रशिक्षकांचे लक्ष असते, कारण पदावर नसतानाही नेतृत्व करणारी माणसे अशा वेळी ओळखू येतात.

गट कसे पाडले जातात? आम्ही एकाच कारखान्यातील चौघे एकत्र बसू शकतो का?

सकाळी नाही, दुपारनंतर बसू शकता. सकाळचे गट आम्ही पाडतो आणि एका ठिकाणची दोन माणसे शक्यतो एका गटात ठेवत नाही.

गट सहा ते सात जणांचा असतो, त्याहून मोठा करत नाही. मॅक्सिमिलियाँ रिंगेलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांना दोर ओढायला लावून ताकद मोजली होती. त्याचे निष्कर्ष १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसे वाढत गेली तशी प्रत्येकाची सरासरी ओढ कमी होत गेली. काही घट एकत्र जोर न लागल्यामुळे होती; पण पुढे १९७० च्या दशकातील प्रयोगांनी दाखवले की, आपल्यासोबत इतर जणही ओढत आहेत एवढे नुसते वाटले, तरी माणूस हात थोडा सैल सोडतो. बारा जणांच्या गटात तिघे काम करतात आणि नऊ जण छान मान हलवतात, हे सार्वजनिक मंडळाच्या कोणत्याही सभेला गेलेल्यांना सांगायला नको.

सगळ्या हुशार माणसांना एका गटात घालण्याची विनंतीही काही संस्थाचालक करतात. ब्रिटिश अभ्यासक मेरेडिथ बेल्बिन यांनी व्यवस्थापकांच्या प्रशिक्षणात नेमके हेच करून पाहिले होते आणि १९८१ मध्ये त्यावर लिहिले. बुद्धिमत्तेच्या चाचणीत अव्वल आलेल्यांचे गट स्पर्धेत अनेकदा मागे पडले, कारण ते एकमेकांचे मुद्दे खोडण्यात गुंतले आणि कंटाळवाणी पण आवश्यक कामे कोणीच उचलली नाहीत.

गटात वाद झाले तर?

होऊ द्यावेत. ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये लहान गटांवरील अभ्यासांचा आढावा घेऊन चार अवस्था सांगितल्या : एकत्र येणे, खटके उडणे, रीत बसणे आणि काम मार्गी लागणे. १९७७ मध्ये मेरी अ‍ॅन जेन्सन यांच्यासह त्यांनी पाचवी अवस्था जोडली, ती निरोपाची. दुसरी अवस्था टाळून थेट तिसरीवर जाता येत नाही, हे प्रमुखांनी लक्षात घेतले तर नवीन माणसे कामावर घेतल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात त्यांचा जीव कमी जळेल. वाद व्यक्तीवर, जातीवर, घरावर किंवा भाषेवर गेला तर मात्र प्रशिक्षक तत्काळ मध्ये पडतात आणि त्यावर चर्चा होत नाही.

मालक आणि कामगार एकाच तुकडीत असतील तर कामगार मोकळेपणाने बोलतील का?

बहुधा बोलणार नाहीत, म्हणून एकाच कारखान्याचे मालक व कामगार आम्ही एका तुकडीत घेत नाही. पण हा प्रश्न एका दिवसाच्या सोयीपुरता नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधिकेने १९९० च्या दशकात रुग्णालयांतील गटांचा अभ्यास केला. चांगल्या गटांकडून औषधे देण्यात चुका कमी होत असतील, अशी अपेक्षा होती. आकडे उलटे आले. चांगल्या म्हणून गणलेल्या गटांत नोंदलेल्या चुका जास्त होत्या. चुका तेथे जास्त घडत होत्या असे नव्हे. तेथे त्या सांगण्याची भीती नव्हती. १९९९ मध्ये त्यांनी गटातील या निर्भयतेची संकल्पना कारखान्यातील गटांवर तपासून मांडली. आपल्या कारखान्यातून चुकीची एकही तक्रार वरपर्यंत येत नाही, असे अभिमानाने सांगणाऱ्या मालकांना आम्ही हा अभ्यास आवर्जून सांगतो. मागावर ताणा तुटलेला सर्वांत आधी कामगाराला दिसतो. सांगितल्यावर पहिली शिवी त्यालाच बसणार असेल, तर तो सांगणार नाही आणि दोष बाजारात चादर उघडल्यावर कळेल.

यासाठी परदेशी संशोधनाकडेच पाहावे लागते असे नाही. माळशिरस तालुक्यातून आपल्या जिल्ह्यात येणाऱ्या ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात मुक्कामाच्या ठिकाणी समाजआरती होते. हजारो वारकरी टाळ-मृदंगाच्या गजरात असतात. सोहळ्याची शिस्त सांभाळणाऱ्या चोपदारांनी दंड उंचावला की सगळा तळ शांत होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार त्या दिंडीकडे जातात, ऐकून घेतात आणि मगच पुढचे होते. एवढ्या मोठ्या समुदायात तक्रारीला ठरलेली वेळ आहे, ती मांडण्याची सर्वांना मान्य असलेली रीत आहे आणि ती ऐकायला अधिकारी व्यक्ती स्वतः चालत जाते. आपल्या कारखान्यात, शाळेत किंवा गटात टाळ वाजवत राहण्याची अशी कोणती सोय आहे, हे सहभागींना लिहून काढायला सांगितले जाते. निम्मे कागद कोरे येतात.

कडक राहिल्याशिवाय माणसे काम करत नाहीत. हे सर्व कारखान्यात चालते का?

कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सुमारे दहा वर्षांच्या मुलांच्या मंडळांना तीन तऱ्हांचे प्रमुख दिले : हुकूम सोडणारे, विचारविनिमय करणारे आणि सर्व मुलांवर सोडून देणारे. हुकुमाखालच्या मुलांनी काम केले, नाही असे नाही. पण प्रमुख खोलीबाहेर गेला की त्यांचे काम ढेपाळले, तर विचारविनिमयाच्या गटात ते बऱ्याच अंशी चालू राहिले. सोडून देणाऱ्या प्रमुखाकडे सर्वांत वाईट अवस्था होती, हेही सांगितले पाहिजे, कारण मोकळीक देणे म्हणजे लक्ष न देणे, असा सोयीचा अर्थ काही जण घेतात.

मुकादमांसाठी प्रश्न एवढाच आहे की, आपण रजेवर असताना पाळी कशी चालते? ती कोलमडत असेल तर कडकपणा कामाला येतो, हे खरे, पण आपण समोर असेपर्यंतच. अर्थात आग लागली असताना बैठक बोलावू नये. पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड यांनी १९६९ मध्ये मांडलेला विचार असा की, नवख्या माणसाला स्पष्ट सूचना लागतात आणि मुरलेल्या माणसाला मोकळीक. एकच पद्धत सर्वांना लावली की दोघेही नाराज होतात. आमच्या मते पुष्कळ मुकादम वीस वर्षे माग चालवलेल्या कारागिराला पहिल्या दिवशीच्या पोरासारखे वागवतात, आणि दुखणे तेथे असते.

अवघड संभाषणांचा सराव म्हणजे नाटक करायचे का?

थोडेफार. तिघांच्या गटात एक जण प्रमुख, दुसरा समोरची व्यक्ती आणि तिसरा निरीक्षक होतो. प्रसंग नेहमीचेच असतात : सतत उशिरा येणारा चांगला कारागीर, तीन हप्ते थकवलेली आणि त्यामुळे बैठकीलाच न येणारी सदस्य, पालकांसमोर सहकाऱ्याचा पाणउतारा करणारा शिक्षक. बोलण्यासाठी एक साधी चौकट दिली जाते. प्रसंग कोणता ते सांगावे, त्यात काय घडताना पाहिले ते सांगावे आणि त्याचा परिणाम काय झाला ते सांगावे. माणसाच्या स्वभावावर निकाल देऊ नये. ‘तुम्ही बेजबाबदार आहात’ याऐवजी ‘सोमवारी आणि बुधवारी तुम्ही पाळी सुरू झाल्यावर आलात, त्यामुळे रात्रपाळीच्या माणसाला थांबावे लागले’ असे म्हटले की पुढचा माणूस निदान कारण तरी सांगतो. लिहिताना हे सोपे दिसते. प्रत्यक्षात बहुतेकांच्या तोंडून दुसऱ्याच वाक्याला ‘तुमचं नेहमीचंच आहे’ हे शब्द निघतात आणि तेथेच सराव थांबवून पुन्हा सुरुवात करावी लागते.

मागे तोल सोडून पडायचे आणि इतरांनी झेलायचे, असा काही प्रकार असतो का?

नाही. विश्वास वाढवण्यासाठी म्हणून हा प्रकार अनेक शिबिरांत घेतला जातो. त्यात दुखापतीचा धोका आहे, अनेक महिलांना आणि पुरुषांनाही तो अवघडल्यासारखा वाटतो, आणि एकदा झेलले म्हणून कोणी कोणाला हिशेबाची वही दाखवू लागत नाही. उंचावरून उतरणे, निखाऱ्यांवर चालणे असेही काही नसते.

व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली जाते का?

घेतली जात नाही. माणसांना चार अक्षरी साच्यांत बसवणाऱ्या प्रचलित चाचण्यांत तीच व्यक्ती काही आठवड्यांनी पुन्हा बसली तर अनेकदा वेगळ्या साच्यात जाते, आणि मिळालेला शिक्का मात्र कार्यालयात वर्षानुवर्षे टिकतो.

मला चार लोकांत बोलता येत नाही. मी यावे का?

यावे. बोलक्या माणसांसाठी व्यासपीठे पुष्कळ आहेत. प्रत्येक कृतीत आधी एकट्याने लिहायची वेळ राखलेली असते, त्यामुळे विचार करून बोलणाऱ्यांचे मत कागदावर आलेले असते आणि ते वाचून दाखवले तरी चालते. गटाने कृती संपवताना ‘कोणाचे ऐकायचे राहिले?’ हा प्रश्न विचारणे सक्तीचे आहे.

महिला सहभागींसाठी काय व्यवस्था असते?

प्रशिक्षकांच्या चमूत महिला असतातच. स्वच्छतागृहे स्वतंत्र असतात, लहान मूल सोबत आणावे लागल्यास त्याची सोय केली जाते. मात्र तसे आधी कळवावे. दिवस साडेपाचलाच संपवण्यामागे बार्शी, अक्कलकोट, मोहोळ या बाजूच्या महिलांना उजेडात एसटी मिळावी, हेही एक कारण आहे.

जेवण कसे असते?

शाकाहारी, ज्वारीची भाकरी, भाजी, वरण-भात, दही आणि अर्थात शेंगाचटणी. उपवास किंवा पथ्य असल्यास नोंदणीच्या वेळी सांगावे.

हा दिवस वर्षातून कधी घेतला जातो?

पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंत. एप्रिल-मे मध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो आणि मैदानातील कृती शक्य नसतात. आषाढीच्या आधीचे दिवस आम्ही सोडतो, कारण जिल्ह्यातील निम्मी यंत्रणा आणि अनेक सहभागी पंढरपूरच्या वाटेवर असतात. मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते. त्या आठवड्यात शहरात कार्यशाळा ठेवली तर आम्हीसुद्धा येणार नाही. त्या यात्रेतील नंदीध्वज पेलणारे मानकरी आधीपासून सराव करतात, आणि भार एकाकडून दुसऱ्याकडे देण्याची ती घडी पाहिलेल्या माणसांना कामाची जबाबदारी सोपवण्याविषयी वेगळे फार सांगावे लागत नाही.

एका दिवसात माणूस बदलतो का?

नाही. एका दिवसात एखादी सवय दिसते आणि ती बदलायची इच्छा झाली तर होते. म्हणून शेवटच्या सत्रात मोठे संकल्प लिहू दिले जात नाहीत. ‘मी सर्वांना विश्वासात घेईन’ असे लिहिलेला कागद परत केला जातो. ‘पाळी बदलताना मी पाच मिनिटे थांबेन आणि आज कोणत्या मागावर अडचण आली, हे आधी कांड्या भरणाऱ्या बायकांना विचारेन’ असे लिहिलेला स्वीकारला जातो. कोणाला, कधी आणि काय विचारणार, हे त्यात आले पाहिजे.

पाठवणाऱ्या मालकांना सहभागीविषयी अहवाल मिळतो का?

उपस्थितीचे पत्र मिळते. कोण काय बोलले, कोणाचे कोठे अडले, हे कळवले जात नाही, आणि निरीक्षकांच्या वह्यांतील पाने त्याच दिवशी ज्याची त्याला दिली जातात. ‘आमच्या माणसात नेतृत्वगुण आहेत की नाहीत, एवढे तरी सांगा’ असा आग्रह होतो. त्याचे उत्तर एका दिवसाच्या निरीक्षणावरून देणे अन्यायाचे ठरेल. त्याऐवजी मालकांनी सहभागीला त्याच आठवड्यात अर्धा तास द्यावा आणि त्याने लिहिलेला कागद त्याच्याकडूनच समजून घ्यावा, अशी आमची विनंती असते.

प्रमाणपत्र केव्हा मिळते?

त्या दिवशी मिळत नाही. साधारण सहा आठवड्यांनी तुकडी पुन्हा अर्ध्या दिवसासाठी एकत्र येते. कागदावर लिहिलेले किती जमले, कोठे फसले आणि हाताखालच्या माणसांनी त्यावर काय म्हटले, हे प्रत्येकाने सांगायचे असते. न जमल्याचे सांगितले तरी प्रमाणपत्र मिळते, न आल्यास मिळत नाही. या बैठकीची तारीख कार्यशाळेच्या दिवशीच जाहीर केली जाते. पाळीमुळे येणे शक्य नसेल तर किमान आठवडाभर आधी समन्वयकांना कळवावे, म्हणजे पुढच्या तुकडीच्या बैठकीत जागा देता येईल.